गेटवरच्या मेटल डिटेक्टरची बॅटरी: पाळीआधी, पाळीत आणि पाळीनंतर

हातातल्या मेटल डिटेक्टरची बॅटरी कधी बदलता, असं कुठल्याही गेटवर विचारा. उत्तर ठरलेलं असतं: "डाउन झाली की." डाउन झाली हे कळतं लाल दिवा लागल्यावर, नाहीतर मशीन आपोआप कुरकुरायला लागल्यावर. ही वेळ हमखास गर्दीची असते. गर्दीतच मशीन सारखं वाजतं, आणि वाजताना, थरथरताना ते सर्वांत जास्त करंट खातं. मग रांग थांबते, कुणीतरी टेबलाच्या खणातून एक बॅटरी शोधून आणतं आणि तीही अर्धी वापरलेली निघते.

याहून वाईट प्रकार वेगळाच आहे. चांगल्या मशीनमध्ये बॅटरी उतरत आली तरी पकड, म्हणजे धातू ओळखायची ताकद, शेवटपर्यंत सारखी राहते. स्वस्त मशीनमध्ये ती हळूहळू आखडते. दिवा हिरवाच असतो, मोठी वस्तू वाजते, पण छोटं पातं निसटतं. गेटवर उभ्या माणसाला ते कळायला काहीच मार्ग नसतो.

ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वरला सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत, तीही भर पावसाळ्यात. त्या काळात कितीतरी नवीन मुलं पहिल्यांदाच डिटेक्टर हातात धरतील. पंचवटीतलं मंदिर असो, त्र्यंबकची दर्शनबारी असो किंवा अंबड एमआयडीसीतलं कंपनीचं गेट असो, पद्धत एकच. बॅटरी घड्याळ बघून बदलायची, दिवा बघून नाही. त्यासाठी आधी काय करायचं, ते क्रमाने बघू.

टप्पा १: डबा उघडा आणि बॅटरी ओळखा

मशीन बंद करून बॅटरीचं झाकण उघडा. आत बहुतेक वेळा नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मिळेल. काही मशीनमध्ये दोन किंवा जास्त पेन्सिल सेल असतात. काहींत बॅटरी आतच बसवलेली असते आणि बाहेर फक्त चार्जिंगचं भोक असतं.

चौकोनी बॅटरी दिसायला सारख्या असल्या तरी आतून चार प्रकारच्या असतात. सगळा घोटाळा इथूनच सुरू होतो.

पहिली झिंक-कार्बनची. तिच्यावर ६एफ२२ लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा मोठ्या अक्षरात "हेवी ड्यूटी". त्या अक्षरांवर जाऊ नका. चारही प्रकारांत गेटच्या कामाला सर्वांत कमी उपयोगाची हीच. ती लवकर उतरते आणि पडून राहिली की पाणी सोडते.

दुसरी अल्कलाइन, खूण ६एलआर६१. आत दीड व्होल्टचे सहा छोटे सेल असतात आणि क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास (बॅटरीत किती चार्ज मावतो त्याचं माप) असते. चार्ज करायची भानगड नाही, आणि सीलबंद असेल तर काही वर्षं टिकते. राखीव साठ्यासाठी हीच घ्यावी.

तिसरी निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे पुन्हा चार्ज होणारी. वर "नऊ व्होल्ट" छापलेलं असलं तरी आत सहसा १.२ व्होल्टचे सात सेल असतात, म्हणजे खरे ८.४ व्होल्ट. काहींत सहाच सेल असतात, म्हणजे ७.२ व्होल्ट. क्षमता साधारण १५० ते २५० मिलिअँपिअर-तास, अल्कलाइनच्या निम्म्याहून कमी किंवा जेमतेम निम्मी. व्होल्टेज मुळात कमी असल्याने काही मशीन पूर्ण भरलेल्या बॅटरीवरही लवकर लाल दिवा दाखवतात. ७.२ व्होल्टवाली घेऊच नका.

चौथी लिथियमची, जिला मोबाइलच्या केबलने चार्ज करता येतं. तिच्या आतलं सर्किट शेवटपर्यंत ठाम नऊ व्होल्ट देतं आणि मग एकदम बंद पडतं. लाल दिव्याची पूर्वसूचना मिळतच नाही. शिवाय काही बॅटऱ्यांच्या त्या सर्किटमुळे डिटेक्टर रिकाम्या हवेत वाजतो. वर छापलेला मोठा आकडा बहुधा मिलिवॉट-तासांत असतो. त्याला नऊने भागा. ४५०० लिहिलं असेल तर मिळाले ५०० मिलिअँपिअर-तास.

> थांबा, तपासा: मशीनच्या पुस्तिकेत चार्ज होणारी बॅटरी चालते असं लिहिलंय का? नसेल तर अल्कलाइनच वापरा. आणि ज्या मशीनला चार्जिंगचं भोक आहे, त्यात अल्कलाइन घालून चुकूनही चार्जर लावू नका. अल्कलाइन चार्ज करायची नसते. ती तापते, फुगते, फुटू शकते.

टप्पा २: संच बांधा, नंबर टाका

मशीन जितकी, तितक्याच बॅटरी ठेवल्या की गाडी अडते. चार्ज होणाऱ्या बॅटरीचे तीन संच लागतात: एक मशीनमध्ये, एक पाउचमध्ये तयार, एक चार्जरवर. चार मशीनचं गेट असेल तर बारा बॅटरी. त्यावर दोन-तीन सीलबंद अल्कलाइन, फक्त अडीअडचणीसाठी.

प्रत्येक बॅटरीवर कागदी चिकटपट्टी लावून कायमच्या मार्करने नंबर आणि वापर सुरू केल्याचा महिना लिहा. पेन्सिल सेल असतील तर जोडीला एकच नंबर द्या, जसं ३अ आणि ३ब. ही जोडी आयुष्यभर सोबत चार्ज होणार आणि सोबतच वापरली जाणार. जुना-नवा सेल एकत्र घातला की कमजोर सेल आधी संपतो आणि दुसरा त्याच्यातून करंट ढकलत राहतो, त्याचे प्लस-मायनस उलटे होईपर्यंत. मग तो कमजोर सेल कायमचा जातो आणि बऱ्याचदा मशीनच्या आत पाणी सोडून जातो. "एकच डाउन होता, एकच बदलला" असं पाळीचा माणूस मोठ्या काळजीने सांगतो, आणि बिघाडाचं कारण नेमकं तेच असतं.

भरलेली आणि उतरलेली बॅटरी वेगळी दिसली पाहिजे. दोन डबे करा: हिरव्या झाकणाचा भरलेल्यांसाठी, लाल झाकणाचा उतरलेल्यांसाठी. डबे प्लास्टिकचेच हवेत. चौकोनी बॅटरीची दोन्ही टोकं एकाच बाजूला शेजारी असतात. खिशात किल्ल्या किंवा सुट्टे पैसे असले तरी शॉर्ट होऊन ती चटका बसेल इतकी तापते, आगही लागू शकते. नव्या बॅटरीची प्लास्टिकची टोपी फेकू नका. टोपी नसेल तर टोकांवर चिकटपट्टी लावा.

टप्पा ३: चार्जिंग आदल्या दिवशीच

सर्वांत जास्त गैरसमज इथे आहे. "सकाळची पाळी संपली, दुपारी चार्जला लावली, संध्याकाळी वापरू" हे साध्या चार्जरवर होत नाही. निकेल-मेटल हायड्राइड क्षमतेच्या दहाव्या भागाइतक्या करंटवर चार्ज केली तर दहा नाही, चौदा ते सोळा तास लागतात, कारण काही ऊर्जा उष्णतेत जाते. २०० मिलिअँपिअर-तासांच्या बॅटरीला २० मिलिअँपिअरचा चार्जर असेल तर रात्रभर आणि वर सकाळही धरा. जलद चार्जर असेल तर तो भरल्यावर आपोआप थांबणारा असलाच पाहिजे, आणि त्यात प्रत्येक खाचेचा हिशेब वेगळा हवा. जोडीनेच चार्ज करणाऱ्या चार्जरमध्ये एक सेल उपाशी राहतो आणि दुसरा जास्त भरतो.

नवी चार्ज होणारी बॅटरी पाकिटातून काढून थेट मशीनमध्ये घालू नका, आधी पूर्ण चार्ज करा. महिनाभर पडून राहिलेल्या बॅटरीलाही हेच लागू. साधी निकेल-मेटल हायड्राइड महिन्याभरात वीस ते तीस टक्के चार्ज नुसती पडून गमावते. पडून कमी चार्ज गमावणारी जात वर्षानंतरही सत्तर-ऐंशी टक्के धरून ठेवते. चार पैसे जास्त गेले तरी तीच घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

चार्जर कुठे ठेवताय तेही बघा. पत्र्याच्या चौकीत एप्रिल-मे महिन्यात दुपारी चार्ज करू नका. पंचेचाळीस अंशांवर लिथियम चार्ज करायची नसते आणि निकेलवाली त्या उन्हात नीट भरत नाही. रात्री, पंख्याच्या वाऱ्यात, फरशीवर किंवा टाइलवर ठेवा. गादी, कापड, पुठ्ठा नको. मंडपातल्या तात्पुरत्या जोडणीवर चार्जर लावला असेल तर लाइट मध्येच जाऊन आल्यावर तो पुन्हा सुरू झाला का, ते डोळ्यांनी बघा.

टप्पा ४: लोड देऊन मोजा

मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं मीटर) लावला, नऊ दिसले, बॅटरी चांगली. ही तपासणी फसवी आहे. थकलेली बॅटरी आराम करून पुन्हा वर येते आणि मोकळ्या टोकांवर छान आकडा दाखवते. मशीनमध्ये घातली की पाच मिनिटांत बसते.

म्हणून लोड द्यायचा, म्हणजे बॅटरीतून थोडा करंट ओढत असतानाच मोजायचं. त्याला फार काही लागत नाही. ४७० ओहमचा एक रेझिस्टर घ्या. त्यावरचे पट्टे पिवळा, जांभळा, तपकिरी. नाशिकच्या एमजी रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात सहज मिळतो. नऊ व्होल्टच्या जुन्या क्लिपच्या दोन तारांमध्ये तो जोडा. बॅटरी त्या क्लिपला लावली की साधारण १९ मिलिअँपिअर करंट वाहतो. मल्टिमीटर डीसीच्या वीस व्होल्टवर ठेवा, रेझिस्टरच्या दोन्ही टोकांना लावा, दहा सेकंद थांबा आणि मग वाचा. लावल्या लावल्या वाचू नका.

अल्कलाइनसाठी मी धरतो ते आकडे असे. नऊच्या वर असेल तर पूर्ण पाळीला द्या. आठ ते नऊ असेल तर छोट्या कामाला चालेल. आठच्या खाली पाळीच्या सुरुवातीला देऊ नका. ती मल्टिमीटरमध्ये वापरा, तिथे अजून बरेच दिवस जाईल. सात सेलच्या निकेलवालीला नुकती चार्ज केल्यावर ८.४ च्या वर आकडा मिळायला हवा. सातच्या आसपास आली म्हणजे संपली, तिला आणखी पिळू नका.

लिथियमवाल्या चौकोनी बॅटरीला ही तपासणी लागू नाही, कारण ती संपायच्या क्षणापर्यंत नऊच दाखवते. तिचा हिशेब फक्त वहीत ठेवता येतो: कधी भरली, किती तास वापरली.

जिभेवर बॅटरी लावून बघायची सवय अजून आहे. ती सोडा.

टप्पा ५: बसवा आणि पकड तपासा

१. मशीनचं बटण बंद करा. चालू मशीनमध्ये बॅटरी घालताना टोकं उलटी टेकली तर सर्किट जाऊ शकतं.

२. झाकणाच्या आत प्लस-मायनसची खूण बघा. अंधारात अंदाजाने नको, मोबाइलचा टॉर्च लावा.

३. क्लिपवाली बॅटरी असेल तर क्लिपच्या टोपीला धरा. तारांना धरून ओढलं की आतून तार तुटते, बाहेरून शाबूत दिसते आणि मशीन हलवलं की बंद-चालू होतं. असं बंद-चालू मशीन "बॅटरी खातंय" म्हणून दुरुस्तीला येतं.

४. झाकण लावा, चालू करा, सुरुवातीचा आवाज संपू द्या.

५. आता पकड तपासा. गेटची एक ठरलेली वस्तू असू द्या, समजा एक लोखंडी किल्ली. ती प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवा आणि प्लास्टिकच्या पट्टीने अंतर मोजून मशीन जवळ आणा. किती अंतरावर वाजतं ते वहीत लिहा. हातातलं कडं, घड्याळ, अंगठी दूर ठेवा.

> तपासा: आजचं अंतर नव्या अल्कलाइनवर घेतलेल्या अंतराइतकंच आहे का? कमी असेल तर बॅटरी बदलून पुन्हा बघा. तरीही कमीच असेल तर दोष मशीनचा. ते गेटवरून बाजूला करा.

टप्पा ६: बदलाची वेळ ठरवा

तुमचं मशीन एका बॅटरीवर किती तास चालतं, हे खोक्यावर वाचू नका. खोक्यावरचे तास शांत मशीनचे असतात. एकदा स्वतः मोजा. भरलेली बॅटरी घाला, वेळ लिहा, नेहमीच्या गर्दीत नेहमीसारखं वापरा आणि लाल दिवा कधी लागतो ते लिहा. आलेल्या तासांचे दोन तृतीयांश म्हणजे तुमची बदलाची वेळ. बारा तास आले तर आठ तासांनी बदल, म्हणजे बरोबर एक पाळी. अल्कलाइनची वेळ वेगळी, निकेलची वेगळी. वर्षभराने पुन्हा मोजा, कारण चार्ज होणारी बॅटरी म्हातारी होते. मोजलेले तास नव्या बॅटरीच्या साठ-सत्तर टक्क्यांवर आले की ती गेटवरून निवृत्त करा.

बदल पाळीच्या हस्तांतरणातच करावा. जाणारा आणि येणारा दोघे समोर असताना बॅटरी काढा, घाला, किल्लीवर तपासा, वहीत सही करा. वहीत पाच रकाने पुरतात: मशीन नंबर, बॅटरी नंबर, घातल्याची वेळ, काढल्याची वेळ, लोडवरचे व्होल्ट. दोन आठवड्यांत कुठली बॅटरी दगा देते ते वहीच दाखवून देते.

रांग नसताना मशीन बंद करा, टेबलावर चालू ठेवू नका. लोखंडी टेबलावर चालू ठेवलेलं मशीन तर सतत वाजत आणि थरथरत राहतं.

ऊन, थंडी, पाऊस

उन्हाळ्यात राखीव बॅटरी बंद गाडीत ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीच्या आत साठ अंशांच्या वर तापमान जातं.

थंडीत उलटा त्रास. पौष महिन्यात निवृत्तिनाथ महाराजांच्या यात्रेला पहाटे त्र्यंबकला उभं राहणाऱ्याला हे ठाऊक असतं: रात्री ठीक असलेली अल्कलाइन पहाटे लाल दिवा दाखवते. गारठ्यात तिची रासायनिक क्रिया मंदावते. अशी बॅटरी मेलेली नसते, अंगाच्या उबेने परत येते. म्हणून राखीव बॅटरी टोकांना चिकटपट्टी लावून आतल्या खिशात ठेवा. शेकोटीजवळ गरम करायला ठेवू नका, आणि जुने सेल शेकोटीत तर कधीच टाकू नका. ते फुटतात.

पाऊस सर्वांत जास्त नुकसान करतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेची गर्दी आणि संततधार एकत्र येतात, सिंहस्थातही हेच होणार. मशीनवर पातळ पारदर्शक प्लास्टिकची पिशवी चढवा, तोंड खाली रबराने बांधा. प्लास्टिकने पकडीवर परिणाम होत नाही. चांदीसारखी चकचकीत वेष्टनाची पिशवी मात्र नको, त्यात धातू असतो. ओल्या हाताने बॅटरी बदलू नका. एका कोरड्या रुमालाची जागा पाउचमध्येच ठरवा. पाणी आत गेलंच तर पहिलं काम बॅटरी काढणं, मग झाकण उघडं ठेवून पंख्याखाली वाळवणं. हेअर ड्रायरची गरम हवा नको.

मशीन वाजतंय, पण दोष बॅटरीचा नाही

चांगल्या बॅटरी फेकल्या जातात त्याचं हे मोठं कारण. जवळ वॉकी-टॉकीचं बटण दाबलं की काही डिटेक्टर वाजतात. फरशीखालच्या सळया, लोखंडी बॅरिकेड, शेजारची डिटेक्टरची कमान, बुटातली लोखंडी पट्टी यांनीही वाजतात. आधी चार पावलं मोकळ्या जागी जा, मशीन कमरेच्या उंचीवर हवेत धरा. तिथे गप्प झालं तर बॅटरी ठीक आहे. तिथेही कुरकुरलं तरच बॅटरी बदला.

टप्पा ७: पाळी संपल्यावर

मशीन पुसा, बटण बंद आहे ना बघा. उतरलेली बॅटरी लाल डब्यात. दुसऱ्या दिवशी मशीन लागणार नसेल तर आत बॅटरी ठेवू नका.

आठवड्यातून एकदा टोकं आणि स्प्रिंग बघा. काळपट झाले असतील तर स्वच्छ खोडरबरने हलके घासा आणि रबराचा चुरा फुंकून काढा. सँडपेपर नको, वरचा मुलामा निघून जातो आणि गंज लवकर धरतो.

अल्कलाइन सेलने पाणी सोडून पांढरा थर धरला असेल तर हातमोजे घाला. तो थर अल्कधर्मी असतो, कातडी आणि डोळ्यांना झोंबतो. कापसाच्या काडीला थोडं व्हिनेगर लावून पुसा. व्हिनेगर नसेल तर लिंबाचा रस. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण वाळू द्या. नुसतं व्हिनेगर लावून बंद केलं तर तेच धातू खातं.

टप्पा ८: कमानीची बॅटरी

दाराच्या चौकटीसारखी कमान लाइटवर चालते म्हणून तिच्या बॅटरीकडे कुणी बघत नाही. आत किंवा शेजारी बहुधा बारा व्होल्ट, सात अँपिअर-तासांची सीलबंद शिसे-आम्लाची बॅटरी असते. महिन्यातून एकदा कमी वर्दळीच्या वेळी लाइट बंद करा. ठरलेली वस्तू खिशात घेऊन कमानीतून जा, आणि बॅटरीवर कमान किती वेळ टिकते ते मोजून लगेच लाइट चालू करा.

चार्जरपासून सोडवून काही तास ठेवल्यावर १२.७ च्या आसपास व्होल्ट असतील तर भरलेली, बाराच्या आसपास असतील तर जवळजवळ रिकामी. रिकामी पडून राहिली तर प्लेटवर सल्फेटचा थर बसतो आणि ती पुन्हा पूर्ण भरत नाही. उष्णतेने हिचं आयुष्य झपाट्याने घटतं. सरासरी तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य साधारण निम्मं होतं. पेटी उन्हात असेल तर सावलीत हलवा. बॅटरीची बाजू फुगली असेल तर चाचणीची वाट न बघता बदला. चौकटीच्या आत २३० व्होल्ट असतात, तिथे फक्त इलेक्ट्रिशियनने हात घालावा.

टप्पा ९: बंदोबस्त संपल्यावर

मोठी यात्रा संपली की मशीन पोत्यात भरून स्टोअरला जातात आणि पुढच्या यात्रेला निम्मी गंजलेली निघतात. पोत्यात जाण्याआधी प्रत्येक मशीनचं झाकण उघडून बॅटरी काढा, झाकणावर "बॅटरी नाही" अशी चिठ्ठी लावा.

बॅटरी सावलीत, कोरड्या खोलीत, प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसोबत ठेवा. फ्रिज नको, बाहेर काढल्यावर दव धरतं. निकेलवाली दोन-तीन महिन्यांनी एकदा चार्ज करून उतरवा आणि पुन्हा भरा. लिथियम अर्धवट भरून ठेवा. कमानीची शिसे-आम्लाची मात्र पूर्ण भरून ठेवायची आणि दर तीन महिन्यांनी पुन्हा भरायची.

मेलेले सेल घंटागाडीतल्या ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०१६ च्या घनकचरा नियमांत ते घरगुती घातक कचऱ्यात मोडत होते. टोकांवर चिकटपट्टी लावून वेगळ्या बरणीत साठवा आणि ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. शिसे-आम्लाची जुनी बॅटरी नवी घेताना दुकानदार परत घेतो. तिची पावती वहीला जोडून ठेवा.